पानापर्यंत पोचणारा उजेड

बडोदे साधारण २२.३ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे आणि कर्कवृत्त अहमदाबादच्या थोडे उत्तरेकडून जाते. त्यामुळे जूनमध्ये भर दुपारी, घड्याळात साडेबारा ते पावणेएकच्या दरम्यान, मांडवीच्या चौकात उभ्या राहिलेल्या माणसाची सावली जवळजवळ पायाखाली येते. वर्षातून दोनदा, जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा जुलैत, सूर्य इथे अगदी डोक्यावर असतो. आभाळ निरभ्र असेल तर त्या वेळी उघड्या जागेत एक लाख लक्सच्या आसपास उजेड पडतो. त्याच वेळी जवळच्या एखाद्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात, खिडकीपासून दोन-तीन मीटर आत ठेवलेल्या कुंडीवर जेमतेम तीनशे लक्स पडत असतात.

त्या खोलीत बसलेल्या माणसाला मात्र अंधार वाटत नाही. तो आरामात पेपर वाचतो. आपल्या डोळ्याची बाहुली लहानमोठी होते, त्यामागचा पडदा आपली संवेदनशीलता वाढवतो किंवा कमी करतो, आणि शेकडो पटींचा फरक आपल्याला ‘जरा कमी उजेड’ एवढाच भासतो. पानाकडे अशी सोय नाही. पानावर जितके प्रकाशकण पडतील त्या हिशेबातच त्याचे अन्न तयार होते. तीनशे पट कमी उजेड म्हणजे त्याच्यासाठी तीनशे पट कमी शिधा.

घरातले झाड वाळले की आपण पाण्याला, मातीला किंवा कुंडीला दोष देतो. पुष्कळदा खरे कारण उपासमार हे असते. उजेड कमी म्हणून झाड वाढत नाही, वाढत नाही म्हणून पाणी ओढत नाही. आपण रोजच्या सवयीने पाणी घालत राहतो, माती ओली राहते आणि मुळे कुजतात. शेवटी दोष पाण्यावर जातो. हे टाळायचे तर उजेड डोळ्यांनी जोखण्याची सवय सोडून तो मोजायला शिकले पाहिजे. हे काम कोणत्याही घरात, थोड्या खर्चात आणि नीट हिशेबाने करता येते.

चौकातली तुळस आणि ग्रिलमधली तुळस

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या जुन्या मराठी वाड्यांत तुळशीवृंदावन चौकात असे. चौकाला वर छप्पर नसे. सकाळ-संध्याकाळ भिंतींची सावली पडली तरी मधले काही तास थेट ऊन मिळे आणि उरलेल्या वेळात वरचे आभाळ उजेड देत राही. तुळस हे उन्हातले झाड. वाड्याच्या रचनेत तिची गरज आपोआप भागत होती.

आज मांजलपूर किंवा गोत्रीच्या फ्लॅटमध्ये तीच तुळस खिडकीच्या ग्रिलमध्ये येते. वर छज्जा, समोर दुसरी इमारत, एका बाजूला भिंत. तिला दिसणारे आभाळ निम्म्याहून कमी. ग्रिलमध्येही जागा नसेल तर ती आत येते, आणि मग काच, डासांची जाळी आणि पडदा आपापला वाटा कापून घेतात.

बडोद्यासारख्या ठिकाणी दक्षिणेच्या खिडकीची एक गंमत नीट समजून घेण्यासारखी आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास दुपारचा सूर्य क्षितिजापासून फक्त ४४ अंशांवर असतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून दोन मीटरवर असेल आणि छज्जा आड येत नसेल, तर ऊन खोलीत जवळजवळ दोन मीटर आत येते. जूनमध्ये मात्र सूर्य इतका वर असतो की छज्जाच त्याला अडवतो. किंबहुना २१ जूनच्या आसपास दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीला भर दुपारी थेट ऊन मिळतच नाही. बाहेर उन्हाचा कहर असताना आतले झाड डिसेंबरपेक्षा कमी उजेडात उभे असू शकते. म्हणून एकदा मोजून काम भागत नाही. निदान हिवाळ्यात, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात असे तीनदा मोजावे लागते.

लक्स हे माणसाच्या डोळ्याचे माप

दुकानात मिळणारा लक्स मीटर आणि दिव्याच्या खोक्यावर छापलेले ल्यूमेन ही दोन्ही मापे माणसाच्या डोळ्यावर बेतलेली आहेत. १९२४ मध्ये प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने सरासरी मानवी डोळ्याचा आलेख प्रमाण म्हणून स्वीकारला. ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा-पिवळा प्रकाश आपल्याला सर्वांत ठळक दिसतो. निळ्या आणि गडद तांबड्या टोकांकडे ही संवेदना झपाट्याने घसरते. लक्स मीटर या आलेखाप्रमाणेच मोजतो, म्हणजे हिरव्याला भरपूर गुण देतो आणि तांबड्या-निळ्याला अगदी थोडे.

बडोद्यातच मकरपुरा औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन ही संस्था आहे. ‘इर्डा’ या नावाने ओळखली जाणारी ही संस्था १९७४ मध्ये स्थापन झाली आणि विजेच्या उपकरणांच्या चाचण्या हे तिचे मुख्य काम. घर, रस्ता, कारखाना उजळणारा दिवा असल्या कसोट्यांतून जातो तेव्हा ल्यूमेन हेच माप योग्य असते, कारण तो दिवा माणसासाठी असतो. झाडासाठी दिवा घेताना मात्र कसोटी बदलावी लागते.

ती कसोटी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पक्की झाली. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये काम करणाऱ्या कीथ मॅक्री यांनी २२ पिकांच्या पानांवर वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश टाकून प्रकाशसंश्लेषण किती होते ते मोजले आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातला जवळजवळ सगळा प्रकाश पानाच्या उपयोगी पडतो. तांबडा सर्वांत जास्त, पण हिरवाही वाया जात नाही. पान हिरवा प्रकाश परत फेकते म्हणून तो निरुपयोगी, हा समज आजही ऐकू येतो. प्रत्यक्षात पान हिरव्या प्रकाशाचा थोडाच भाग परत फेकते. बराचसा आत खोलवर जाऊन कामी येतो.

प्रकाशसंश्लेषणात महत्त्व असते ते प्रकाशकणांच्या संख्येला. ऑक्सिजनचा एक रेणू बाहेर पडायला साधारण ८ ते १० प्रकाशकण लागतात. म्हणून वनस्पतीशास्त्रज्ञ एका चौरस मीटरवर एका सेकंदात या पट्ट्यातले किती प्रकाशकण पडले ते मोजतात. संख्या अफाट असल्याने ती मायक्रोमोलमध्ये मांडतात. या मापाला पीपीएफडी म्हणतात. बडोद्याच्या भर दुपारच्या उन्हात ते १,८०० ते २,००० मायक्रोमोल असते.

पण झाडाचे पोट एका क्षणाच्या उजेडावर भरत नाही. पीपीएफडी म्हणजे पावसाचा जोर, आणि दिवसाअखेरीस पर्जन्यमापकात साठलेले पाणी म्हणजे दिवसभराचा एकूण प्रकाश, ज्याला डीएलआय म्हणतात. तो प्रति चौरस मीटर मोलमध्ये मोजतात. उन्हाळ्यातल्या निरभ्र दिवशी उघड्या गच्चीवर ४५ ते ५० मोल जमा होतात. मनीप्लांट, स्नेक प्लांट, झीझी प्लांट, अ‍ॅग्लोनिमा ही सावलीतली झाडे २ ते ४ मोलवर तग धरतात आणि हळूहळू वाढतातही. लेट्यूससारख्या पालेभाजीला १२ ते १७ मोल हवेत. तुळशीला १२च्या पुढे, आणि टोमॅटो-मिरचीला फळे धरायला २० ते ३०. या आकड्यांकडे पाहिले की खिडकीपासून आतल्या टीपॉयवर कोथिंबीर का उभी राहत नाही, हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

लक्सवरून मोलपर्यंत

प्रकाशकण मोजणारे खरे यंत्र म्हणजे क्वांटम सेन्सर. त्याची किंमत घरगुती बागेला परवडणारी नसते. लक्स मीटर स्वस्त असतो आणि योग्य भागाकार केला तर तोही काम भागवतो. भागाकार कशाने करायचा हे प्रकाशाच्या प्रकारावर ठरते.

सूर्यप्रकाश असेल तर लक्सला ५४ने भागा. म्हणजे १,००,००० लक्सचे साधारण १,८५० मायक्रोमोल होतात. पांढऱ्या एलईडीसाठी ६५ ते ७० धरा. थंड पांढऱ्या जुन्या ट्यूबलाइटसाठी ७४. हे आकडे सगळ्या पांढऱ्या दिव्यांना तंतोतंत लागू होत नाहीत, पण दहा-पंधरा टक्क्यांची चूक झाडाच्या निवडीत फारशी आड येत नाही.

जांभळ्या ग्रो लाइटला मात्र हा हिशेब लावू नका. या दिव्यांत ६६० नॅनोमीटरचे तांबडे आणि ४५०च्या आसपासचे निळे एलईडी असतात. ही दोन्ही टोके डोळ्याला, पर्यायाने लक्स मीटरला, फारशी दिसत नाहीत. अशा प्रकाशाचा एक मायक्रोमोल मीटरवर फक्त सात-साडेसात लक्स दाखवतो. म्हणजे एका रोपावर पांढऱ्या दिव्याने १०० मायक्रोमोल पडत असतील तर मीटर ७,००० लक्सच्या जवळपास दाखवेल, आणि शेजारच्या रोपावर जांभळ्या दिव्याने तेवढेच १०० मायक्रोमोल पडत असतील तर तोच मीटर ७००च्या आसपास थांबेल. झाडाच्या दृष्टीने दोन्ही ताटे जवळपास सारखी. खोक्यावरचे ल्यूमेन पाहून जांभळा दिवा ‘मंद’ म्हणून टाकून देणारा आणि तोच दिवा डोळ्यांना बोचतो म्हणून ‘जबरदस्त’ समजणारा, दोघेही फसतात. जांभळ्या दिव्यासाठी उत्पादकाने दिलेला, ठरावीक उंचीवरच्या पीपीएफडीचा तक्ता मागावा. तो मिळत नसेल तर पांढरा दिवा घ्यावा: त्याचा उजेड स्वतः मोजता येतो आणि त्याखाली पानांचा खरा रंग दिसत असल्याने कीड-रोगही लवकर लक्षात येतात.

दिवसभराचा हिशेब सोपा करणारे एक सूत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. खिडकीतल्या नैसर्गिक उजेडाचे १५,००० लक्स-तास म्हणजे एक मोल. पांढऱ्या एलईडीचे साधारण १९,००० लक्स-तास म्हणजे एक मोल. लक्स-तास म्हणजे लक्स गुणिले तास, बस.

मोजणी प्रत्यक्षात

मीटरचा पांढरा घुमट झाडाच्या वरच्या पानांच्या उंचीवर, आभाळाकडे तोंड करून आडवा धरा. तो दिव्याकडे किंवा खिडकीकडे वळवला तर आकडा फुगतो, पण पान तसे वळून बसलेले नसते. स्वतःची सावली मीटरवर पडू देऊ नका. हात लांब करा किंवा मीटर कुंडीवर ठेवून बाजूला व्हा.

खिडकीसाठी दिवसात दर दोन तासांनी एक नोंद घ्या. समजा एका खिडकीत सकाळी आठला ८०० लक्स, दहाला २,५००, बाराला ३,५००, दोनला ३,०००, चारला २,००० आणि सहाला ५०० लक्स मिळाले. बेरीज १२,३००, प्रत्येक नोंद दोन तासांची, म्हणून २४,६०० लक्स-तास. १५,०००ने भागले की सुमारे १.६ मोल. हा आकडा हातात आला की निर्णय सोपा होतो. इथे स्नेक प्लांट कसाबसा तग धरेल, मनीप्लांट वेली सोडेल पण पाने लहान ठेवील, आणि तुळस महिन्या-दीड महिन्यात लांबट होऊन झुकेल. हीच मोजणी ढगाळ दिवशीही करा, कारण बडोद्याच्या पावसाळ्यात असे दिवस सलग येतात.

दिव्यासाठी मोजणी रात्री, बाकीचे दिवे बंद करून करा. एलईडी सुरू करून पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्या. तापल्यावर त्याचा उजेड थोडा उतरतो. मग ट्रेचे नऊ भाग कल्पून प्रत्येक ठिकाणी एक नोंद घ्या. मधल्या आकड्यावर समाधान मानू नका, कडेचा आकडा अनेकदा निम्मा असतो. कडेची रोपे दर आठवड्याला मध्ये आणि मधली कडेला अशी अदलाबदल केली तर वाढ एकसारखी राहते.

अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, हा नियम सुट्या बल्बला लागू पडतो. फूटभर रुंद पॅनेल फूटभर उंचीवर टांगले असेल किंवा ट्यूबखाली झाडे ठेवली असतील, तर उजेड त्यापेक्षा हळू उतरतो. म्हणून नियमावरून अंदाज बांधण्याऐवजी दोन-तीन उंचींवर मोजणे बरे.

मीटर नसेल तर मोबाइल चालतो, पण त्याच्या मर्यादा ओळखून. अँड्रॉइड फोनमध्ये पुढच्या बाजूला, कानाशी लागणाऱ्या जागेजवळ, उजेड ओळखणारा छोटा सेन्सर असतो. तो बाजूने येणारा प्रकाश नीट मोजत नाही आणि प्रखर उजेडात लवकर अडकतो. निदान निरभ्र दुपारी उघड्या गच्चीवर धरून पाहा. लाखाच्या जवळपास आकडा येत नसेल तर प्रखर उजेडासाठी त्या फोनवर विसंबू नका. घरातल्या दोन जागांची तुलना करायला मात्र तो पुरेसा आहे.

दिवा घ्यायचा तर किती मोठा?

तुळशीला दिवसाला १२ मोल द्यायचे आणि दिवा बारा तास लावायचा, असे धरू. १२ मोल म्हणजे पांढऱ्या एलईडीचे २,२८,००० लक्स-तास. बाराने भागले की १९,००० लक्स. पंख्याखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात आपण जेवतो त्या टेबलावर दीडशे-दोनशे लक्स असतात. तुळशीला त्याच्या शंभरपट हवे. पायलीभर पाण्याची गरज असताना पेलाभर दिले तर ते कितीही नियमाने दिले तरी पुरत नाही. म्हणून साधा नाइट लॅम्प किंवा टेबललॅम्प ‘झाडासाठी’ लावून ठेवल्याने काही साधत नाही.

विजेचा हिशेबही याच आकड्यातून निघतो. १९,००० लक्स म्हणजे सुमारे २७५ मायक्रोमोल. अर्धा मीटर लांब-रुंद ट्रेचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर, म्हणजे ट्रेवर सेकंदाला सुमारे ७० मायक्रोमोल हवेत. निम्मा उजेड ट्रेबाहेर सांडतो असे मानले तर दिव्याने १४० द्यायला हवेत. बऱ्यापैकी एलईडी दर वॉटला सेकंदाला दोन मायक्रोमोल देतो, म्हणून प्रत्यक्ष ७० वॉटचा दिवा लागेल. बारा तासांचे ०.८४ युनिट, महिन्याला सुमारे २५ युनिट. खोक्यावर ‘१००० वॉट’ लिहिलेले असले तरी तो आकडा बहुधा जुन्या दिव्यांशी केलेल्या तुलनेचा असतो. दिवा प्रत्यक्ष किती वॉट ओढतो तेच पाहावे.

कमी उजेडात रोपे वाढवण्याचा सर्वांत मोठा अनुभव आपल्याकडे ऊतीसंवर्धनाने दिला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा, व्ही. ए. पराशरामी आणि ए. एफ. मस्कारेन्हास यांनी परीक्षानळीतल्या बांबूला काही महिन्यांतच फुलोरा आणला आणि १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये त्याची नोंद झाली. जळगावात जैन इरिगेशनने ऊतीसंवर्धित केळी शेतकऱ्यांच्या बांधावर पोचवली. अशा प्रयोगशाळांच्या मांडण्यांवर ट्यूबलाइट सोळा तास जळतात आणि उजेड साधारण एक ते तीन हजार लक्स असतो. दोन हजार लक्स धरले तर दिवसाला दीड मोल, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या खिडकीएवढाच. तरी रोप जगते, कारण बाटलीतल्या माध्यमात त्याला साखर आयती मिळते. बाटलीतून बाहेर काढताच त्याला स्वतः कमवावे लागते, म्हणून ते आधी दाट सावलीच्या शेडनेटमध्ये आणि मग टप्प्याटप्प्याने उन्हात नेतात. घरातले झाड गच्चीत नेतानाही हीच शिस्त पाळावी. सावलीत तयार झालेले पान एका दुपारच्या उन्हात पांढरे पडून करपते.

उजेडाचे आणखी एक काम असते, ते अन्नाचे नसून वेळ सांगण्याचे. महाराष्ट्र-गुजरातमधले काही ड्रॅगनफ्रूटचे बागायतदार हिवाळ्यात रात्री बागेत बल्ब लावतात. गुजरात सरकारने २०२१ मध्ये याच फळाला ‘कमलम’ असे नाव दिले. लांब दिवसात फुलणाऱ्या या निवडुंगाला रात्र लहान झाल्यासारखी वाटते आणि तो हंगामाबाहेर फुलतो. तिथे थोडा उजेड पुरतो, कारण तो फक्त इशारा असतो. पोट भरणारा उजेड आणि इशारा देणारा उजेड यांची गल्लत झाली की मंद बल्बवर रोपे पोसली जातील अशी खोटी आशा निर्माण होते. उलट दिवा चोवीस तास चालू ठेवल्यानेही भले होत नाही. सलग उजेडात टोमॅटोची पाने पिवळी पडतात. बारा ते चौदा तास पुरेत, आणि त्यासाठी स्वस्तातला टायमर लावावा.

मोजलेला आकडा बरोबर आहे की नाही, हे शेवटी झाड सांगते. दोन पानांमधले पेर लांबत चालले, नवी पाने आधीपेक्षा लहान व फिकट येऊ लागली, शेंडा एकाच दिशेला झुकला, तर उजेड कमी पडतो आहे. वरची पाने पांढरट झाली किंवा कडा वर वळल्या तर दिवा जवळ आला आहे. मीटर आजचे सांगतो, झाड गेल्या महिन्याचे. दोन्ही नोंदी एकाच वहीत, तारखेसह ठेवल्या तर वर्षभरात आपल्या घराचा स्वतःचा तक्ता तयार होतो, आणि तो कोणत्याही पुस्तकातल्या सरासरीपेक्षा जास्त भरवशाचा असतो.

म्हणून दिवा विकत घेण्याआधी खिडकी मोजा. बडोद्याच्या बऱ्याच घरांत कुंडी मीटर-दीड मीटर पुढे सरकवल्याने, जाळी धुतल्याने, किंवा पडदा बाजूला केल्यानेच आकडा दुप्पट होतो आणि दिव्याची गरज संपते. तरीही मोल कमी पडत असतील तर दोन प्रामाणिक वाटा उरतात: जेवढा कमी पडतो तेवढाच उजेड दिव्याने भरून काढणे, किंवा त्या उजेडात तगेल असे झाड निवडणे. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, आणि त्यांतली कोणती आपली हे वहीतला आकडा सांगतो.